बांधावरचं बोलणं

माझ्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याच्या वह्यांची चळत आहे. घरोघरी जाऊन लोकांकडून जे ऐकलं ते त्यांत लिहिलेलं आहे. त्यातली एक वही मी बरेच दिवस उघडलीच नव्हती. तिच्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं एकच वाक्य तीन वेगवेगळ्या दिवशी लिहिलेलं आहे, आणि तिन्ही वेळा पुढच्या रकान्यात मी माझ्या नीटनेटक्या अक्षरात एक शब्द लिहिला आहे. तो खोडावासा वाटतो, पण खोडत नाही.

मी नर्स होते. माझं माहेर आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरातलं. भात आणि नाचणीचा मुलूख तो. नोकरीची वर्षं मंचरच्या आसपास गेली. राग माझ्या नाकावर असतो आणि जीभ तिखट आहे, हे माझ्यासोबत काम केलेलं कुणीही सांगेल. पेन्शन सुरू झाल्यावर दुपारभर मालिका बघणं माझ्याच्यानं होईना, म्हणून एका डॉक्टरांच्या लहानशा गटाबरोबर फिरायला लागले. डॉक्टर ज्याला स्मृतिभ्रंश म्हणतात आणि आमच्याकडं ज्याला सरळ म्हातारचळ लागला म्हणतात, त्या आजाराच्या माणसांकडं आम्ही जायचो. अजून त्याला बोलता येतंय तोवर विचारून ठेवायचं, की बाबा, शेवटी तुला काय हवं आणि काय नको. दवाखान्यात न्यायचं की घरी ठेवायचं. गिळता येईनासं झालं तर नाकातून नळी घालायची का. लवकर विचारलं तर घरचे अंगावर येतात, उशिरा विचारलं तर उत्तर देणारा माणूसच जागेवर राहिलेला नसतो. या दोन्हींच्या मधे थोडे दिवस मिळतात, आणि ते कधी संपले हे नंतरच कळतं.

आळे गावाच्या पुढं, रस्त्यापासून आत, उसात बुडालेलं एक घर होतं. दिवाळी उरकल्यावर मी तिथं पहिल्यांदा गेले. घरात दोघंच. म्हातारे, त्यांना मी आबा म्हणायचे, आणि त्यांची बायको, तिला मावशी. मुलगा चाकणला कंपनीत, बायकापोरांसह तिकडंच, रविवारी यायचा. त्यानंच आमच्या डॉक्टरांना फोन केला होता.

आबा ओट्यावर बसले होते. उंच, हाडापेरानं मजबूत, पांढऱ्या सदऱ्याच्या कडेला चार घुंगरं शिवलेली. हलले की वाजायची. मी मावशींकडं बघितलं.

"उठून जात्यात कुठंबी," मावशी म्हणाल्या. "मागल्या अमावाशेला उसात शिरले व्हते. उसात बिबट्याची मादी हाये, पिल्लं हायेत. आवाज आला म्हंजे मी धावते."

"मग दुपारी झोपताना पायाला काही बांधून ठेवा ना सैलसं. बरीच घरं तसंच करतात," मी सहज म्हणून गेले.

"न्हाई," त्या एवढंच म्हणाल्या.

का नाही ते पाच मिनिटांत कळलं. मी बीपीचा पट्टा आबांच्या दंडाला गुंडाळायला लागले, तर त्यांनी हात असा हिसडला की यंत्र ओट्यावरून खाली गेलं. "बांधू नका," ते ओरडले. "मला बांधू नका!"

"बांधत नाही हो आबा, बीपी बघते!" मी पण ओरडले. यंत्र नवं होतं.

मावशींनी त्यांचा हात हातात घेतला आणि मला सांगितलं. आबांचा थोरला भाऊ असाच विसरत विसरत गेला. शेवटी दवाखान्यात होता, तोंडातनं खाणं जाईना म्हणून नाकातून नळी, आणि नळी ओढतो म्हणून दोन्ही हात खाटेला. आबा रोज डबा घेऊन जायचे आणि भावाच्या हातांकडं बघत बसायचे. तेव्हापासून गोठ्यात दावं दिसलं तरी तोंड फिरवायचे. जनावरं मावशीच बांधायच्या.

मी हळहळले आणि वहीत लिहिलं: 'बीपी घेताना विरोध.' हे पण माझंच अक्षर.

मग मी मूळ विषयाला हात घातला. फॉर्म काढला, आवाज मऊ केला आणि म्हटलं, "आबा, पुढं कधी तब्येत फारच..." एवढ्यात मावशींचा तळवा माझ्या तोंडासमोर.

"घरात न्हाई, बाई. ओट्यावर बी न्हाई. वास्तू तथास्तु म्हणती."

हे मला नवं नव्हतं. आमच्या आईनंही घरात कुणाच्या मरणाचा विषय काढू दिला नसता. पण पेशंटच्या घरी ते ऐकून मला चिडायला झालं. दोन तास एसटीची वाट बघून यायचं आणि वास्तूपायी परत जायचं? मावशी मात्र शांतपणे आत गेल्या, घोंगडी घेऊन आल्या. "बांधावर बोलू. तितं कुनाचं घर न्हाई."

अशी आम्ही तिघं शेताच्या बांधावर बसलो. समोर कांद्याच्या लागणीसाठी पाडलेले वाफे होते, नुसती माती. कोपऱ्यात रोप उभं होतं, बोटाएवढं. मी प्रश्न वाचले, सोपे करून, एकेक. आबा समोरच्या मातीकडं बघत राहिले. मी तिसरा प्रश्न दोनदा विचारला: "आबा, घास गिळता येईनासा झाला, तर काय करायचं? नळीनं द्यायचं का?"

आबा स्पष्ट आवाजात म्हणाले, "मान पडली का पानी तोडायचं. मंग वतीत बसलं तर नासतो."

मावशी त्या वेळी घोंगडीवरची कुसळं वेचत होत्या. त्यांचा हात थांबला. माझ्याकडं बघितलं, मग वहीकडं. मला वाटलं, नवरा परक्या बाईसमोर भलतंच बोलला म्हणून ओशाळल्या असतील. मी त्यांना धीर द्यायला हसले. आमच्या फॉर्मवर 'रुग्णाचे म्हणणे' असा रकाना होता, तो मी वहीतही आखला होता. त्यात वाक्य जसंच्या तसं उतरवलं. शिस्त म्हणजे शिस्त. शेजारी 'शेरा' असा रकाना होता. तिथं लिहिलं: 'असंबद्ध'.

जानेवारीत परत गेले. कांद्याची लागण झाली होती, पात हिरवीगार. आबांचं चालणं आखडलं होतं. घुंगरं आता संथ वाजायची, आणि मला ते वेगानं वाजण्यापेक्षा वाईट वाटलं. मावशींनी भाकरी दुधात कुस्करून त्यांना भरवली आणि तिसऱ्या घासाला ठसका लागला. साधाच, कुणालाही लागतो तसा. मावशींनी पाठ चोळली. मी मात्र मोजायला लागले. त्या वाटीत पाच ठसके. नोकरीतली सवय आहे. ठसका कुठून येतो आणि कुठं जाऊन पोचतो हे मी बघितलेलं आहे.

"मावशी, आता फार थांबू नका," मी म्हटलं. "मुलाला बोलवा, चौघं बसून ठरवू."

"त्येला येळ कुटं हाये," त्या म्हणाल्या. "आन ठरवायचं काय? ओझरला गणपतीला बोलले मी. ह्येंना हातापायात गुतवू नको म्हनले."

मग परत बांधावर. ओल्या मातीवर पंजाचे ठसे होते, ताजे. मावशींनी ते पायानं पुसले आणि घोंगडी अंथरली. मी तेच प्रश्न विचारले. आबांनी लागण झालेल्या वाफ्यांवरून नजर फिरवली, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तेच वाक्य म्हणाले. मान पडली का पानी तोडायचं. मी वैतागले, खोटं कशाला सांगू. समोर कांदा ठेवून बसवल्यावर म्हातारा कांद्याचंच बोलणार, असं मनात म्हटलं. आमच्या डोंगरात कांदा पिकत नाही, आम्ही तो बाजारातून आणतो. पाणी तोडायचं म्हणजे काय हे मी कुणाला विचारलं नाही, कारण ते विचारण्यासारखं आहे हेच मला सुचलं नाही. शेरा: 'असंबद्ध'.

फेब्रुवारीच्या शेवटी तिसरी खेप. या वेळी मुलगा होता. रविवार होता, तरी त्याच्या कानाला फोन. चांगला मुलगा, बापावर जीव असलेला. पण बापाकडं बघायला घाबरायचा. बांधावर आला, दोन प्रश्न ऐकले आणि उठला. "ताई, आत्तापासून कशाला? आबा ठणठणीत हायेत. माझे आबा नव्वदी गाठतील." मी तिथंच तापले. "तुझे आबा एका वाटीत अकरा वेळा ठसकतात, ते मोजलंस का?" तो उसाच्या कडेला जाऊन उभा राहिला, पाठ करून.

आबांना आता शब्द सापडत नव्हते. मला वाटलं, संपलं, या घरातले दिवस हातचे गेले. आणि तेवढ्यात त्यांनी वाफ्याकडं बोट न करता, स्वतःच्या गळ्याशी हात नेला. "मान," ते म्हणाले. "मान पडली का..." पुढचं त्यांना येईना. मावशींनी हळूच म्हटलं, "पानी तोडायचं." आबांनी मान डोलावली आणि डोळे मिटले.

गळ्याशी नेलेला तो हात मी डोळ्यांनी बघितला. त्याचा अर्थ मी असा घेतला की घसा दुखत असेल. वाक्य लिहिलं. पुढं तोच शब्द लिहिला. मावशी माझ्या पेनाच्या टोकाकडं बघत होत्या. त्यांना अक्षर येत नाही, पण बघत होत्या, शेवटच्या अक्षरापर्यंत. मी वही मिटल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला, काम झाल्यावर सोडतात तसा. तो सुस्कारा मला आता आठवतो.

मार्चच्या मध्यावर फोन आला तेव्हा मी मंचरच्या बाजारात होते. कांद्याच्या गाड्यांची रांग, हॉर्न, हमालांची ओरड. मुलगा बोलत होता. आबांना न्यूमोनिया झालाय, मोठ्या दवाखान्यात आणलंय, गिळणं बंद आहे. "ताई, डॉक्टर विचारत्यात, नाकातून नळी टाकायची का. आबा तुमच्याशी काही बोलले होते का यावर? तुम्ही लिहून घेतलंय ना सगळं?"

वही पिशवीत होती. बटाट्याच्या गोणीवर ठेवून मी ती उघडली. फोन खांद्यात धरलेला, मागून टेम्पोवाला हाकलतोय. मी शेऱ्याचा रकाना वाचला. फक्त तोच. खाली खाली बोट नेत गेले, तीन वेळा तोच शब्द.

"नाही रे बाबा," मी म्हटलं. "स्पष्ट असं काही बोलले नाहीत."

"मग टाकू का?"

"डॉक्टर म्हणतील तसं करा."

"बरं ताई. तुम्हाला विचारलं, आता मनाला बरं वाटलं."

त्या दिवशी मी दोन किलो बटाटे घेऊन घरी आले आणि भाजी केली, जेवले. मनाला काही टोचलं नाही. हेच मला सगळ्यात भयंकर वाटतं.

आबांना अतिदक्षता विभागातून वॉर्डात आणल्यावर, त्या फोननंतर एकोणीस दिवसांनी, मी भेटायला गेले. दारातूनच खाट दिसली. नाकात नळी, गालावर चिकटपट्टी. दोन्ही मनगटं पांढऱ्या पट्टीनं खाटेच्या दांडीला बांधलेली. हात सुजून तुकतुकीत झाले होते, आणि आबा त्या हातांकडं बघत होते. रडत नव्हते. नुसते बघत होते. पट्टीची गाठ माझ्या ओळखीची होती. ती आम्हा सगळ्यांना शिकवलेली असते, सुटत नाही आणि काचत नाही. मी स्वतः नोकरीत ती किती जणांना बांधली असेल याचा हिशोब नाही. पेशंटच्या भल्यासाठीच बांधतो आपण, असं म्हणायचो.

मुलगा म्हणाला, "ओढत होते नळी. डॉक्टरांचा नाइलाज होता."

तेवढ्यात मावशी आल्या. इतके दिवस त्यांना कुणी आणलं नव्हतं. आत सोडत नाहीत, तू येऊन काय करणार, म्हशींचं कोण बघेल, असं करत करत. त्या खाटेपाशी थांबल्या. पिशवी खाली ठेवली आणि माझी ती न सुटणारी गाठ दातांनी सोडवली. आधी एक, मग वळसा घालून दुसरी. ड्युटीवरची मुलगी धावत आली. "आजी, नळी उपसतील ते!"

"उपसू द्या," मावशी म्हणाल्या. मग मुलाकडं वळल्या. "त्येंची मान बघ."

आबांची मान उशीवरून खांद्यावर कलली होती. सरळ करून ठेवली तरी परत कलायची.

"पडली ना? तू शेतकऱ्याच्या पोटचा ना रं? मान पडल्यावर पानी कोन देतं?"

मुलाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आईनं दुसरं काहीच सांगितलं नाही आणि त्याला सगळं कळलं. तो खाटेची दांडी धरून खाली बसला.

"त्ये म्हनले व्हते," मावशी म्हणाल्या. "तीनदा म्हनले. ह्या बाईंनी वहीत लिवलंय. तुला बाईंनी सांगितलं आसंल म्हनून मी गप ऱ्हायले. मला वाटलं, सांगून बी तू ऐकलं न्हाईस." आणि माझ्याकडं बघून, "लिवलंय ना, बाई?"

"हो," मी म्हटलं. "लिहिलंय."

एवढंच म्हटलं. मुलानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्याला तो फोन आठवला असणार.

नंतर व्हरांड्यात तो स्वतःलाच सांगितल्यासारखं बोलत राहिला, मला माहीत असेलच असं धरून. कांदा तयार झाला की त्याची पात मानेतून मोडून आडवी पडते. तेव्हा पाणी तोडायचं, म्हणजे बंद करायचं. नाहीतर कांदा आतून नासतो, साठवणीच्या बराखीत टिकत नाही. आणि दिवाळीला, जानेवारीला कुठलाच शेतकरी पाणी तोडायचं बोलत नाही, कारण तेव्हा रानात मान पडण्यासारखं काही नसतंच. मी हं हं करत राहिले.

आमच्या डॉक्टरांनी तिथल्या डॉक्टरांशी बोलून सगळं समजावलं. नळी निघाली. सह्या झाल्या. आबा घरी आले. मी चार दिवस तिथंच राहिले. कापसाच्या बोळ्यानं ओठ ओले करायचे, ओठ हलले तर चमचाभर पेज, नाही तर नाही. श्वास लागला की औषध. मावशींनी घुंगरांचा सदरा त्यांच्या अंगावर पांघरला. रानात कांद्याच्या माना पडायला लागल्या होत्या, रोज थोड्या जास्त. पाण्याची मोटार बंद होती. पाचव्या दिवशी दुपारी आबा गेले, हात मोकळे, एक मावशींच्या मांडीवर.

पण एकोणीस दिवस ते हात बांधलेले होते, आणि ते मी एका फोनवर केलं होतं. घरी भेटायला आलेले लोक मला म्हणत होते, सिस्टर, तुमच्यामुळं त्यांचं शेवटचं नीट झालं. मी चहा घेत होते.

तेराव्यानंतर मावशींचा निरोप आला, वही घेऊन या. एसटीत मी ती पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते. दर फाट्यावर वाटायचं, उतरावं. पोचले तर मावशी घोंगडी घेऊन तयार.

"आता घरात बोलायला काय हरकत आहे, मावशी?"

"सवय झाली," त्या म्हणाल्या.

कांदा काढून पातीखाली झाकून ठेवला होता. बांधावर बसल्यावर त्या म्हणाल्या, "वाचा. त्येंचं बोलनं ऐकायचंय."

मी वाचलं. दिवाळीचं, जानेवारीचं, फेब्रुवारीचं. त्यांचेच शब्द, जसेच्या तसे. मावशींनी डोळे मिटून ऐकलं. मी वही मिटायला गेले.

"आजून हाये."

"नाही मावशी, एवढंच."

"हाये. दर येळी त्येंचं लिवून झाल्यावर तुमी जरा बाजूला आजून एक शबुद लिवला. तिन्ही येळा त्योच. मी बघत व्हते."

ऊस सळसळला. मी वही परत उघडली. खोटं बोलता आलं असतं, त्यांना वाचता येत नव्हतं.

"असंबद्ध," मी वाचलं.

"म्हंजी काय?"

छत्तीस वर्षं मी तो शब्द केसपेपरवर लिहीत आले होते. त्याचा अर्थ मला कुणी कधी विचारला नव्हता.

"म्हणजे," मी म्हटलं, "मला कळलं नाही."

मावशींनी त्या अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"मला कळलं व्हतं, बाई," त्या म्हणाल्या. "मी शेजारीच बसले व्हते की. मला इचारायचं."